भांडण चव्हाट्यावरच हवं

न्यूयॉर्कमध्ये एफएमवर ९९.५ला डब्ल्यूबीएआय नावाचं केंद्र लागतं. जाहिराती घ्यायच्या नाहीत, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचं, हा त्याचा बाणा. त्यामुळे वर्गणीचा हंगाम आला की कार्यक्रम कमी आणि विनवण्या जास्त, हेही ओघानं आलंच. या केंद्रावर रविवारी दुपारी ‘बियाँड द पेल’ हा पुरोगामी ज्यूंचा तास वर्षानुवर्षं चालला. चालवणारी मंडळी १९९०मध्ये स्थापन झालेल्या ‘ज्यूज फॉर रेशियल अँड इकॉनॉमिक जस्टिस’ या संघटनेतली. ज्यू संगीत, साहित्य, शहराचं राजकारण आणि इस्रायल-पॅलेस्टाइन, सगळं एकाच तासात.

अशा कार्यक्रमांवर टीका होते ती बहुतेक घरूनच. पूर्वपक्ष आधी मांडतो, तोही त्यांच्या बाजूनं जितका भक्कम मांडता येईल तितका. एक म्हणणं असं, की संस्कृती जपायला तास मिळाला आहे तर ती जपा. यिद्दिश बोलणारी पिढी जवळजवळ संपली, दोन गाणी ऐकवा, एखादी कथा वाचा. राजकारणाला बाकीचा आठवडा मोकळा आहे. दुसरं म्हणणं भीतीचं आहे. आपण मूठभर, आपलं भांडण साऱ्या शहराला ऐकवलं की ते वैऱ्याच्या हातात आयतं कोलीत. आणि तिसरं, सगळ्यांत बोचरं: पुरोगामी मंच ज्यूंचा कधीच नसतो. तिथं ज्यूंना बोलायला मिळतं ते स्वतःवर टीका करायची असेल तरच. पुरावा हवा असेल तर याच केंद्राचा १९६८चा इतिहास बघा.

पहिल्या आक्षेपाला मी फार किंमत देत नाही, कारण तो इतिहासालाच धरून नाही. अमेरिकेतल्या समाजवादी पक्षानं १९२७मध्ये न्यूयॉर्कात डब्ल्यूईव्हीडी हे केंद्र काढलं आणि त्याला यूजीन व्हिक्टर डेब्स यांची आद्याक्षरं दिली. पहिल्या महायुद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून तुरुंगात गेलेला आणि तुरुंगातूनच १९२०ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला हा पुढारी. पैशांअभावी केंद्र बुडायला लागलं तेव्हा त्याला तारलं ते ‘फॉरव्हर्ट्स’नं, म्हणजे अब्राहम काहान यांच्या यिद्दिश दैनिकानं. पुढे यिद्दिश रेडिओचं हेच मोठं माहेरघर झालं. नाटकं, गाणी, बातम्या, कामगार पुढाऱ्यांची भाषणं, सगळं तिथं. ज्या यिद्दिश संस्कृतीच्या नावानं आज उसासे टाकले जातात, ती हवेत पसरली ती एका राजकैद्याच्या नावाच्या केंद्रावरून, एका समाजवादी वर्तमानपत्राच्या पैशावर.

आता ‘शुद्ध’ संस्कृतीचाही नमुना पाहू. १९३८मध्ये डब्ल्यूएचएन या केंद्रावर ‘यिद्दिश मेलडीज इन स्विंग’ सुरू झाला. बॅरी भगिनींचं गाणं, झकास वाद्यवृंद, राजकारणाचा वासही नाही. प्रायोजक कोण? मानिशेविट्झ, वल्हांडणाची बेखमीर भाकर विकणारी कंपनी. कार्यक्रम उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. पण भाकर विकली तर संस्कृती बाटत नाही आणि भाकर भाजणाऱ्याच्या पगाराबद्दल बोललं की बाटते, हे सोवळं मला काही कळत नाही.

गर्ट्रूड बर्ग यांच्या ‘द गोल्डबर्ग्ज’चं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९२९पासून चाललेली ही रेडिओ मालिका म्हणजे ब्राँक्समधल्या एका ज्यू कुटुंबाची रोजची कटकट आणि रोजची माया. लेखिका बर्ग, आणि मॉलीची भूमिकाही त्यांचीच. एप्रिल १९३९मध्ये वल्हांडणाचा भाग आला. जर्मनीत सभास्थानं जाळली गेली, दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. भागात गोल्डबर्ग कुटुंब सणाच्या मेजाभोवती बसलंय आणि खिडकीतून दगड येतो. मॉली मुलांना शांत करते, विधी पुढे चालू राहतो. बस्स, एवढंच. भाषण नाही, घोषणा नाही. या भागातून राजकारण वगळून दाखवा. मग काचेचं काय करणार?

आणि राजकारणापासून चार हात लांब राहिलं म्हणून ते आपल्याला सोडतं असंही नाही. हीच मालिका दूरचित्रवाणीवर गेली तेव्हा नवऱ्याचं काम करणारे फिलिप लोब यांचं नाव १९५०मध्ये लोकांना कम्युनिस्ट ठरवणाऱ्या एका बदनामीकारक यादीत छापून आलं. प्रायोजक मागे हटला, लोब यांचं काम गेलं, १९५५मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कार्यक्रम मात्र अगदी घरगुती होता.

इस्रायलमध्येही तेच. २०१६च्या जुलैमध्ये तिथल्या लष्करी रेडिओनं आपल्या शैक्षणिक कार्यक्रमात महमूद दरविश या पॅलेस्टिनी कवीच्या ‘ओळखपत्र’ या गाजलेल्या कवितेवर चर्चा ठेवली. कवितेवरची चर्चा, म्हणजे संस्कृतीच की! पण संरक्षणमंत्री अविग्दोर लिबरमन यांनी केंद्रप्रमुखांना बोलावून जाब विचारला. तेव्हा संस्कृतीत राजकारण कोण आणतं, या प्रश्नाचं उत्तर दर वेळी ‘पुरोगामी’ असं येत नाही.

चव्हाट्याच्या भीतीकडे मात्र मी गंभीरपणे बघतो, कारण ती उगाच आलेली नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत प्रभावी रेडिओ-वक्त्यांपैकी एक होता मिशिगनमधला फादर चार्ल्स कॉफलिन. लाखो लोक त्याला ऐकत. जर्मनीतल्या त्या काचफोडीनंतर दहाच दिवसांनी, २० नोव्हेंबर १९३८ला, त्यानं आपल्या भाषणात नाझींनी केलेल्या छळाचं खापर ज्यूंवर आणि साम्यवादावरच फोडलं. डब्ल्यूएमसीए या न्यूयॉर्कच्या केंद्रानं त्यानंतर त्याची भाषणं लावणं बंद केलं. तो काळ पाहिलेल्या माणसानं पोराला ‘हळू बोल, लोक ऐकतात’ असं सांगितलं, तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

पण त्याच वर्षी कॉफलिनच्या ‘सोशल जस्टिस’ या नियतकालिकात काय छापून येत होतं ते बघा. ‘झायनच्या वडीलधाऱ्यांचे मसुदे’ हा धडधडीत बनावट दस्तऐवज, क्रमशः. म्हणजे वैऱ्याला ज्यूंच्या खऱ्या भांडणाची गरजच नव्हती, त्याला हवं ते तो कारखान्यात तयार करत होता. शिवाय त्या बनावट दस्तऐवजातला मुख्य आरोप कोणता? सारे ज्यू गुपचूप एका मतानं चालतात, हा. चारचौघांत मोठ्यानं कडाकडा भांडणारे ज्यू हे त्या आरोपाचं सर्वांत सोपं खंडन आहे. गप्प राहून एकमुखी दिसण्याचा आग्रह धरणारे नकळत वैऱ्याचंच चित्र रंगवत असतात.

आणि एकमुखी म्हणजे कुणाच्या मुखानं? हा प्रश्न मराठी वाचकानं तरी विसरू नये. कुलाबा जिल्ह्यातून, मुंबई-ठाण्यातून इस्रायलला गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांच्या वाट्याला तिथं काय आलं? त्यांच्याशी विवाह लावताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा हुकूम मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून अलिबागच्या आसपास ज्यांना शतकानुशतकं ‘शनवार तेली’ या नावानं सारा गाव ओळखत होता, त्यांना ज्यूंच्या राष्ट्रात आपण ज्यू असल्याचा दाखला द्यायची पाळी आली. घरातलं घरात मिटवावं असा सल्ला मानला असता तर प्रकरण कुठल्या तरी कचेरीत धूळ खात पडलं असतं. त्यांनी जेरुसलेमला जाऊन धरणं धरलं. १९६४मध्ये संसदेला ठरावच करावा लागला, की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत; मग हुकूमही बदलला. चव्हाट्यावर गेल्यामुळे समाज फुटला नाही, उलट जे बाहेर ठेवले गेले होते ते आत आले.

१९९०च्या जूनमध्ये न्यूयॉर्कात असाच पेच पडला. तुरुंगातून सुटलेले नेल्सन मंडेला येणार होते, आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्याबद्दल ते आपुलकीनं बोलल्यामुळे मोठमोठ्या ज्यू संघटना कुचंबल्या होत्या. स्वागत करावं तर पंचाईत, न करावं तर त्याहून मोठी. तेव्हा नव्यानं जमलेल्या ‘ज्यूज फॉर रेशियल अँड इकॉनॉमिक जस्टिस’नं ज्यू म्हणूनच मंडेलांचं स्वागत केलं. बड्या संघटनांची शंका खोटी होती असं नाही. पण शहरातल्या सगळ्या ज्यूंच्या वतीनं कुचंबण्याचा मक्ता त्यांना कुणी दिला होता?

आता तिसरा आक्षेप. इथं मात्र बाह्या सरसावून उभं राहता येत नाही.

१९६८ साली ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात शाळांचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती द्यायचा प्रयोग चालू होता. विद्यार्थी जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन, शिक्षक बहुतांशी गोरे, त्यांत ज्यू पुष्कळ. स्थानिक मंडळानं काही शिक्षकांना शाळांतून काढलं. अल्बर्ट शँकर यांच्या शिक्षक संघटनेनं शहरभर संप पुकारला, त्या शरद ऋतूत शाळा कित्येक आठवडे बंद राहिल्या. संघटनेच्या बाजूनं बघितलं तर चौकशीशिवाय काढलेल्या माणसांसाठी लढणं हे कामगार चळवळीचं साधं कर्तव्य होतं. वस्तीच्या बाजूनं बघितलं तर आपली पोरं वाचायलाही शिकत नाहीत आणि त्याचा जाब विचारायची सोय नाही. दोन्ही बाजू पुरोगामीच, हे त्या भांडणातलं खरं दुखणं.

संप मिटल्यावर, २६ डिसेंबरला, डब्ल्यूबीएआयवरच्या ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाच्या कार्यक्रमात लेस्ली कँपबेल हे त्या भागातले शिक्षक पाहुणे होते. त्यांनी पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीची शँकर यांना उद्देशून लिहिलेली कविता वाचून दाखवली. ती ज्यूद्वेष्टी होती. त्याला दुसरा शब्द नाही. पुढच्याच महिन्यात याच कार्यक्रमात आलेल्या आणखी एका पाहुण्यानं हिटलरचा उल्लेख करून त्याहूनही ओंगळ वक्तव्य केलं. केंद्राबाहेर निदर्शनं झाली, शिक्षक संघटनेनं केंद्रीय दळणवळण आयोगाकडे तक्रार नेली, लेस्टरना काढा म्हणून गदारोळ उठला. आयोगानं १९६९मध्ये तक्रार फेटाळली. लेस्टर यांचं म्हणणं होतं, की हा राग वस्तीत आहे आणि तो लोकांना ऐकू यायला हवा.

आयोगाचा निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन. ती कविता वाचली गेली नसती तर त्या मुलीच्या मनातला द्वेष नाहीसा झाला नसता, तो फक्त ज्यूंना माहीत झाला नसता. दरविशच्या कवितेवर ज्यांनी डोळे वटारले आणि या कवितेवरून ज्यांनी लेस्टरची नोकरी मागितली, त्या दोघांचा उपाय एकच होता. दोन कवितांची जातकुळी एक आहे असं कुणी समजू नये. एक मोठ्या कवीचा विस्थापनाचा संताप, दुसरी रागावलेल्या पोरीनं ऐकीव विष ओकणं. पण विष ओळखायलासुद्धा ते आधी कानावर यावं लागतं.

तरीही टीकाकारांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. त्या रात्री शिक्षक संघटनेच्या बाजूनं बोलणारं माणूस समोर नव्हतं. कविता आली, तिचं कारणही आलं. ज्यांच्याबद्दल ती होती त्यांची बाजू आली नाही. हा कवितेचा नव्हे, कार्यक्रमाच्या बांधणीचा दोष होता. आणि हा दोष पुरोगामी रेडिओत आजही ठाण मांडून आहे. कार्यक्रमाला ‘चर्चा’ म्हणायचं आणि बोलवायचे चौघेही एका मताचे. चौघांनी मिळून जो गैरहजर आहे त्याला झोडायचं. सात ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यानंतर तर हे फारच वाढलं, दोन्हीकडे. आता प्रत्येक मताचा आपापला पॉडकास्ट आहे, प्रत्येकाला आपापला श्रोता मिळाला आहे आणि कुणालाच कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

(लेस्टर यांनी पुढे, १९८२मध्ये, ज्यू धर्म स्वीकारला. ‘बघा, अखेर पटलं’ म्हणून हे वापरायचा मोह लोकांना होतो. माणसाची श्रद्धा ही कुणाच्या वादाची पावती नसते. म्हणून तो मुद्दा मी माझ्या बाजूनं घेत नाही.)

ज्यू परंपरेत वादाची रीत घालून दिलेली आहे, आणि ती मला आयोगाच्या निर्णयापेक्षा जास्त उपयोगी वाटते. तालमूदमध्ये हिल्लेल आणि शम्माय या दोन पीठांचा वाद वर्षानुवर्षं चालतो. शेवटी आकाशवाणी होते, की दोघांचंही म्हणणं देवाचंच, पण आचरण हिल्लेलच्या मतानं व्हावं. का? हिल्लेलचे लोक जास्त विद्वान म्हणून नव्हे. ते सौम्य होते, आणि शम्मायचं म्हणणं आपल्या म्हणण्याच्या आधी सांगत, म्हणून. हरलेलं मतही ग्रंथातून खोडलेलं नाही, ते आजही शेजारी छापलं जातं. वाद हा या संस्कृतीवरचा डाग नाही, तिचा गाभाच आहे. संस्कृतीचा तास वादविवादाला दिला म्हणून ज्यांना हळहळ वाटते, त्यांनी तालमूदचं कुठलंही पान उघडून बघावं. मध्ये मूळ वचन आणि चारही बाजूंनी त्यावर तुटून पडलेले भाष्यकार.

उरला प्रश्न रेडिओचाच: पॉडकास्टच्या जमान्यात कोण ऐकतं? २०१९च्या ७ ऑक्टोबरला पॅसिफिका या मूळ संस्थेनं पैशांचं कारण देऊन डब्ल्यूबीएआयचे स्थानिक कार्यक्रम एका दिवसात बंद केले, कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं आणि बाहेरचे कार्यक्रम जोडून दिले. कार्यक्रम करणारे कोर्टात गेले आणि महिन्याभरात केंद्र परत मिळवलं. ज्याला कुणी ऐकत नाही त्यासाठी माणसं कोर्टाची पायरी चढत नाहीत. पॉडकास्ट आपण निवडतो, रेडिओ अंगावर येतो. गाण्यासाठी लावलेल्या केंद्रावर पुढचा अर्धा तास नको असलेलं मत ऐकावं लागतं, टॅक्सी चालवताना ते बंद करायचा कंटाळा येतो, आणि तेवढ्यात समोरच्याचं एखादं वाक्य कानात शिरतं.

म्हणून पुरोगामी ज्यूंच्या तासाकडे माझी मागणी राजकारण कमी करण्याची नाही. इस्रायलच्या बाजूनं मनापासून बोलणारा एखादा रब्बी बोलवा, त्याला पहिली पंधरा मिनिटं न तोडता द्या. मग निवेदकानं त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडावं. रब्बी ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायला सुरुवात करू नये.