माहेरची पलटण, सासरची मुंबा

३१ ऑक्टोबर २०२५ची रात्र. दिवाळी संपून आठवडा झालेला, डब्यात तळाशी चकलीचा चुरा आणि शंकरपाळ्यांची भुकटी उरलेली. आमच्या चिरनेरच्या घरात टीव्हीसमोर सात माणसं बसली होती. दिल्लीत प्रो कबड्डीची फायनल चालू होती, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. सातातली सहा माणसं दिल्लीच्या बाजूने! आता दिल्लीशी आमच्या घराचा काय संबंध? कोणी तिथे नोकरीला नाही की कोणाची सोयरीक नाही. पण समोर पुणं होतं ना, मग झालं. पलटण २८-३१ अशी हरली, आणि आमचे हे, दोन्ही भावोजी आणि पोरं अशी ओरडली की शेजारच्यांना वाटलं, आमच्याकडे कुणाला मुलगाबिलगा झाला.

सासूबाईंना कबड्डीतलं सगळं कळतं, फक्त टीव्हीवरचे आकडे दिसत नाहीत. त्यांनी विचारलं, "कोन जिकला गो?"

"दिल्ली."

"मंग ही पोरां कनाला नाचतान?"

मी म्हटलं, "आई, हेच मलाही कळत नाही. यांची मुंबा तर कधीच बाहेर पडली."

मैत्रिणींनो, माझं माहेर मावळातलं, वडगावजवळचं. चिरनेरहून पनवेल गाठायचं, खोपोलीवरून घाट चढायचा आणि लोणावळ्याचा गार वारा तोंडावर आला की समजायचं, माहेर आलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत मी तांदळाची भाकरी थापायला शिकले, सुकट निवडायला शिकले, 'कनाला' आणि 'कवा' बोलायला शिकले. कपाळावरची टिकलीसुद्धा सासूबाईंच्या पसंतीची. कबड्डीचा संघ मात्र मी बदललेला नाही आणि बदलणार नाही.

कबड्डी काय चीज आहे हे रायगडकरांना सांगायला नको. भात कापून झालं की शेतं मोकळी होतात, कुठेतरी माती चोपून मैदान केलं जातं, चारी बाजूंना हॅलोजन लागतात आणि रात्रभर सामने. आमच्या गावात हुतात्मा स्मारक आहे, १९३०च्या जंगल सत्याग्रहाचं. शाळेची पोरं २५ सप्टेंबरला तिथे जातात. पण गावाबाहेर 'मी चिरनेरचा' असं पोरगं छाती काढून कुठे म्हणत असेल, तर ते कबड्डीच्या मैदानात. म्हणून २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे यू मुम्बाला कोणी निवडलं वगैरे नाही. ती आपलीच होती.

खरं सांगते, पहिली दोन वर्षं मीसुद्धा मुंबाच्याच टाळ्या वाजवल्या. करणार काय? आमची पलटण तळाला बसलेली आणि इकडे अनुपकुमारचा संघ दर वर्षी फायनलला. २०१४ला जयपूरकडून हरले, पण २०१५ला वरळीत, आपल्याच मैदानात, बंगळुरूला ३६-३० असं हरवून करंडक घेतला. अनुपकुमार चढाईला जाताना पाहणं म्हणजे एखादा शांत माणूस बाजारात भाजी घ्यायला निघालाय असं वाटायचं. घाई नाही, आरडाओरडा नाही, हसत जायचा आणि बोनस घेऊन यायचा. अशा माणसाला कोण शिव्या देणार! दादा फोनवर म्हणायचा, "तू फितूर झालीस." मी म्हणायचे, "तू आधी टीम सुधार, मग बोल."

मग २०१६चा मार्च उजाडला. शेवटच्या चार संघांत मुंबा आणि पलटण, दोघंही! एका उपांत्य सामन्यात पुणं-पाटणा, दुसऱ्यात मुंबई-बंगाल. दोघंही जिंकले असते तर फायनल मुंबई-पुणे. आमच्या घरात पैजा लागल्या. मी हरले तर महिनाभर यांच्या आवडीचं मासळीचं कालवण, हे हरले तर आठ दिवस सकाळचा चहा यांनी करायचा. पण पाटण्याने पुण्याला असं काही लोळवलं की विचारू नका, आणि फायनलमध्ये त्याच पाटण्याने मुंबाला ३१-२८ असं हरवलं. चहा मीच केला, कालवणही मीच केलं.

तेव्हापासून मी वाट बघते आहे. साखळीत मुंबई-पुणे दर पर्वात भिडतात, त्याला 'महाराष्ट्र डर्बी' म्हणतात, ढोल वाजतात, सगळं होतं. पण हरलं की घरी जायचं, अशा बाद फेरीत हे दोघे समोरासमोर आलेच नाहीत. गंमत बघा. डिसेंबर २०२२ची फायनल मुंबईत, वरळीला होती. पुणं फायनलला पोचलं, पण मुंबाचा तोवर पत्ता कट झालेला. पुणं जयपूरकडून २९-३३ असं हरलं. डिसेंबर २०२४ला बाद फेरीचे सामने पुण्यात, बालेवाडीला. या वेळी मुंबा आली, पण आदल्या वेळचा विजेता पुण्याचा संघ स्वतःच्याच गावात प्रेक्षक! मुंबा तिथे पाटण्याकडून हरली. एक घरी असते तेव्हा दुसरी बाहेर. एकाच घरातल्या दोन जावांनी ठरवून एकमेकींची तोंडं चुकवावीत, तसं चाललंय.

अशा वेळी कोणी समजूतदार माणूस हमखास म्हणतो, "अहो, आपलं माणूस म्हणून दुसऱ्याला पाठिंबा द्यावा की! शेवटी महाराष्ट्रच ना?" मला हे पटत नाही. पुणं हरल्यावर आमचे हे नाचतात, त्याचा मला राग येतो, पण त्यात गैर काही वाटत नाही. तमिळ थलैवाज हरले म्हणून आमच्याकडे कधी कोणी नाचलंय का? नाचायला आणि जळायला आधी नातं लागतं. घाटावरचे आणि घाटाखालचे ही चिडवाचिडवी कबड्डीच्या कितीतरी आधीपासूनची. तुमच्या भातात कणी, आमच्या भाकरीत माती! ते राहू द्या तसंच. मुंबा हरली की मीसुद्धा मनात पेढा खाते. १ मार्च २०२४ला हैदराबादला अस्लम इनामदारच्या पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिला करंडक घेतला, तेव्हा मी खरोखरचे पेढे आणून आळीत वाटले. यांनी दोन खाल्ले. म्हणाले, "पेढे चांगले आहेत, टीमचं काही सांगू नकोस." तो अस्लम नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, आणि त्याच संघातला पंकज मोहिते मुंबईचा! म्हणजे मुंबईच्या पोराने पुण्याला करंडक मिळवून दिला. हे मी आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो. हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीत, अगदी माझ्या सख्ख्या आत्याच्या तोंडूनही मी हे ऐकलंय, "अगं, आता तू चिरनेरची. तुझी टीम मुंबा." का हो? आडनाव बदललं, रेशनकार्ड बदललं, मतदार यादीतलं नाव बदललं, ठीक आहे. संघ कसा बदलेल?

इराणचा फजल अत्राचली बघा. डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की चढाई करणाऱ्याचा पाय गेलाच म्हणून समजा. मुंबाने करंडक घेतला तेव्हा तो मुंबाचा, पुढे मुंबाचा कप्तान. २०२२ला पुण्याने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं, तो पुण्याचा कप्तान झाला. आणि २०२५ला पुणं हरलं त्या रात्री तो दिल्लीत होता! त्याला कोणी बेइमान म्हणत नाही, म्हणूही नये, तो त्याचा व्यवसाय आहे. खेळाडू संघ बदलतो, चाहता बदलत नाही, हे साऱ्या जगाला मान्य आहे. मग चाहता बाई असली की तिची बदली गृहीत का धरायची? फजलचा निदान लिलाव तरी झाला, आकडा जाहीर झाला!

हे सगळं मी गमतीत म्हणत होते, २०१६च्या जुलैपर्यंत. त्या वर्षी चौथ्या पर्वाबरोबर बायकांचीही स्पर्धा टीव्हीवर आली. मी आणि गावातल्या पोरी किती खूश! ३१ जुलैला फायनल, २४-२३, एका गुणाने निकाल. असा अटीतटीचा सामना पुरुषांच्याही फायनलला क्वचित दिसतो. अभिलाषा म्हात्रे, ममता पुजारी, तेजस्विनीबाई अशा नावाजलेल्या खेळाडू त्या तीन संघांच्या कप्तान. पण संघांची नावं काय? फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. सासूबाईंनी विचारलं, "ह्या पोरी कनच्या गावच्या?" मला उत्तर देता येईना. कुठल्याच गावच्या नव्हत्या त्या! ना मुंबईच्या, ना पुण्याच्या, ना पाटण्याच्या. आगीचे पक्षी आणि बर्फाच्या राण्या. मग भांडणार कोण कोणाशी? नाचणार कोण आणि जळणार कोण? आमच्या घरात त्या दिवशी कोणी ओरडलं नाही की पैज लावली नाही. सामना संपला, सगळे जेवायला उठले. आणि प्रो कबड्डीबरोबर ती स्पर्धा पुन्हा काही झाली नाही. 'बायकांच्या कबड्डीला प्रेक्षक नाहीत' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, तुम्ही त्यांना गावच दिलं नाहीत, प्रेक्षक कुठून येणार? क्रिकेटवाल्यांनी २०२३ला हे बरोबर केलं. बायकांच्या संघाचं नावही मुंबई इंडियन्सच ठेवलं. पहिल्या दिवसापासून लोकांना कळलं, आपलं कोण. पहिला करंडकही त्यांनीच घेतला.

माझं म्हणणं एवढंच आहे की यू मुम्बाच्या आणि पलटणच्या मालकांनी उद्याच्या उद्या बायकांचा एकेक संघ उभा करावा. नवीन नाव नको, गुलाबी जर्सी तर मुळीच नको. तीच मुंबा, तीच पलटण, तेच ढोल. बघा मग आमच्या घरातला आवाज!

हे मला इतकं का लागतं, ते सांगते. आमच्या पोरींचा एक संघ आहे. सकाळी सहाला शाळेच्या मैदानात सराव, मी फक्त शिट्टी, पाणी आणि आयांची समजूत काढणं एवढं बघते. त्यातली आमची डाव्या कोपऱ्याची पोरगी, तिचं दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. सासर पनवेलकडचं, माणसं चांगली, नवऱ्याची खेळायला ना नाही. पण त्या गावात बायकांचा संघच नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात ती आमच्याकडून खेळायला आली. शेजारच्या गावातली स्पर्धा, खेळाडू गावचाच हवा असा नियम. समोरच्या संघाने हरकत घेतली, "ही आता चिरनेरची नाही." आधार कार्ड मागितलं, त्यावर सासरचा पत्ता.

मी आयोजकांशी रात्री दहापर्यंत भांडले. म्हटलं, २०१८च्या एशियाडमध्ये इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! म्हणून नाशिककर म्हणाले का, की त्या आता आमच्या नाहीत? आयोजक अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, ते आंतरराष्ट्रीय आहे. आपलं इथलं गावपातळीवरचं आहे." आजूबाजूचे हसले. मलाही हसू आलं, आणि रडूही.

पोरगी जर्सी घालून बाकावर बसून राहिली. तिच्या जागी उभी केलेली नववीतली मुलगी घाबरून दोनदा रेषेबाहेर गेली. चार गुणांनी हरलो. परतताना टेम्पोत ती मला म्हणाली, "काकी, मग मी नक्की कुठली?" तिचा नवरा मोटारसायकलवर टेम्पोच्या मागून येत होता, तिची बॅग पाठीला अडकवून.

यंदा मी आधीच तयारीला लागले आहे. आसपासच्या गावांच्या मंडळांना द्यायला एक अर्ज लिहिलाय. मुलगी जिथे वाढली किंवा जिथे नांदते, त्यातल्या कोणत्याही एका गावाकडून तिला खेळू द्यावं. गाव कोणतं ते तिने हंगामाच्या सुरुवातीला लिहून द्यावं. बचत गटातल्या बायकांनी सह्या केल्या. सासूबाईंनी अंगठा दिला आणि वर विचारलं, "मंग ती सासरच्याकरनं खेलली त आपल्याला पारील का नाय?" पाडेलच की! पाडू दे!

पुरुषांपैकी पहिली सही आमच्या ह्यांची. सही करताना एक अट घातली त्यांनी, पुढच्या मुंबई-पुणे सामन्याला मी गप्प बसायचं. सही मी ठेवून घेतली आहे. अट मान्य केलेली नाही.