छत्तीस धावांचा खटला

सीमाभागात क्रिकेटच्या गप्पाही शेवटी भाषेच्या बांधावर येऊन थांबतात. विश्वनाथ ‘त्यांचा’, गावसकर ‘आपला’. एक पक्ष म्हणतो, विशी संघासाठी खेळला, सुनील स्वतःच्या सरासरीसाठी. दुसरा लगेच १०,१२२ धावा आणि ३४ शतके तोंडावर फेकतो. शिक्षकखोलीत हा वाद मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. दोन्ही पक्षांना नापास करावे, असेच माझे मत आहे.

फिर्यादी पक्षाचा हुकमी पुरावा म्हणजे लॉर्ड्स, १९७५. विश्वचषकाचा पहिलाच सामना. इंग्लंडच्या ३३४, आणि गावसकर साठ षटके खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६! या खेळीची वकिली मी करणार नाही. ती करण्याजोगी नाहीच. पण एका पेपरावरून विद्यार्थ्याचा सारा दाखला लिहायचा, ही कुठली परीक्षापद्धती?

१९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा त्याने काढल्या, त्या डोक्यावर हेल्मेट नसताना. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ धावांचा पाठलाग यशस्वी झाला. त्यात गावसकर १०२, विश्वनाथ ११२. आता यातली कुठली धाव मराठी आणि कुठली कन्नड, हे निवडून दाखवा! १९७९ साली ओव्हलवर ४३८ धावांचे लक्ष्य होते. त्याने २२१ काढल्या आणि भारत नऊ धावांनी विजयापासून दूर राहिला. सरासरी जपणारा माणूस असल्या पाठलागात अंग चोरतो, पुढे होऊन धावा लुटत नाही. १९८३ साली दिल्लीत मार्शल-होल्डिंगसमोर ९४ चेंडूंत शतक ठोकणारा हाच तो ‘संथ’ माणूस.

मात्र आपल्या मंडळींनीही फार फुशारू नये. १९८१ साली मेलबर्नला बाद दिल्यावर रागाच्या भरात जोडीदार चेतन चौहानलाही मैदानाबाहेर न्यायला हा निघाला होता. कर्णधाराला ते शोभले नाही. १९८१-८२च्या हंगामात रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या रघुराम भटसमोर तो डावखुरा खेळला. इकडे त्याला चातुर्य म्हणतात, तिकडे अपमान. वळणाऱ्या खेळपट्टीवर डावखुऱ्या फिरकीला दिलेले ते उत्तर होते, एवढे क्रिकेटच्या जाणकाराला पुरे.

गंमत अशी, की ज्यांच्या नावाने आपण भांडतो ते दोघे मेहुणे. गावसकरची बहीण विश्वनाथच्या घरची सून. त्याच्या मुलाचे नाव रोहन जयविश्व: कन्हाय, हैदराबादचा जयसिंह आणि विश्वनाथ, तिघे एकाच नावात.

आणि त्याची शेवटची कसोटी खेळी? मार्च १९८७, पाकिस्तानविरुद्ध, चेंडू हातभर वळणारी खेळपट्टी, ९६ धावा. भारत १६ धावांनी हरला. ती खेळी झाली बंगलोरला. ती आता कोणाच्या खात्यात मांडायची, ते दोन्ही पक्षांनी सांगावे.