ग्रंथालयाची किल्ली कोणाच्या कमरेला?

लखनौच्या कैसरबागेत १९२६ साली जे संगीत महाविद्यालय उभे राहिले त्याला नाव गव्हर्नर मॅरिस यांचे मिळाले, पण त्याच्या पायात मेहनत होती ती एका मुंबईकर वकिलाची. आज ते विद्यापीठ विष्णु नारायण भातखंडे यांच्याच नावाने ओळखले जाते. भातखंडे लखनौला रिकाम्या हाताने गेले नव्हते. वकिली गुंडाळून १९०४ साली ते दक्षिणेत उतरले, तंजावरचा ग्रंथसंग्रह धुंडाळला, एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितांना गाठले. पुढे उत्तरेतली संस्थाने पालथी घातली. अस्थायी सांगून अंतरा गिळणाऱ्या गवयांपुढे बसले. आणि जे हाती लागले ते छापले! जुने संस्कृत ग्रंथ छापले, घराण्यांनी जिवापाड लपवलेल्या चिजा स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या, आणि त्या साऱ्या पुराव्यावर ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’चे चार भाग मराठीत लिहिले. त्यांच्या निष्कर्षांशी भांडणारे कालही होते, आजही आहेत. पण भांडायला लागणारा कागद भातखंड्यांनीच त्यांच्या हाती दिला आहे, हे विसरू नये.

आता मराठी साहित्यसमीक्षेकडे या. इथली घराणी अजून शाबूत आहेत. फरक एवढाच की इथे उस्तादाच्या जागी ग्रंथालयाचा कार्यवाह आहे, विभागप्रमुख आहे, ‘दुर्मीळ अंक’ घरी नेऊन परत न आणणारा ज्येष्ठ समीक्षक आहे.

समजा, लखनौत वाढलेल्या एखाद्या मराठी मुलीने एक साधा प्रश्न हाती घेतला. एप्रिल १९३६ मध्ये याच शहरात प्रगतिशील लेखकांचे पहिले अधिवेशन भरले आणि प्रेमचंदांनी अध्यक्षपदावरून साहित्याचे प्रयोजन मांडले. त्याच्या आदल्याच वर्षी लालजी पेंडसे यांचे ‘साहित्य आणि समाजजीवन’ मराठीत आले होते. फडके-खांडेकरांचा कला की जीवन हा वाद त्याच दशकातला. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय? प्रश्न उत्तम आहे. आमच्या मते तो कधीच विचारला जायला हवा होता. पण ही मुलगी लखनौ विद्यापीठाच्या टागोर ग्रंथालयात बसून सुरुवात कुठून करणार? ‘रत्नाकर’, ‘प्रतिभा’, ‘ज्योत्स्ना’ या त्या काळच्या नियतकालिकांचे कोणते अंक कोणत्या गावात कोणत्या कपाटात आहेत, हे सांगणारी एकही एकत्रित यादी मराठी समाजाने तिच्यासाठी ठेवलेली नाही.

वाट दाखवणारे जे थोडे आहे ते बहुतेक एका माणसाच्या जिद्दीचे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि मग १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. त्यांच्याच वाटेने १९५० पर्यंतच्या नियतकालिकांची सूची झाली. त्यानंतर? एखाद्या मासिकाची सुटी सूची कोणी श्रद्धेने केली तर केली. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५चे, ‘आलोचना’, ‘अस्मितादर्श’, ‘अनुष्टुभ’ ही नियतकालिके सारी त्याही नंतरची. म्हणजे ज्या काळात मराठी समीक्षा खऱ्या अर्थाने वयात आली, नेमक्या त्याच काळाला आम्ही वाटाड्याविना सोडले आहे. आणि सूची करणाऱ्याला विद्यापीठांत मान कोणता? कारकुनाचा! ‘आकृतिबंध’ या शब्दावर चाळीस पाने पाडणारा प्राध्यापक होतो. ती चाळीस पाने कुठे छापली हे शोधून ठेवणारा हंगामी राहतो.

‘आता सगळे नेटवर आहे’ असे उत्तर मिळते. हे उत्तर देणाऱ्याने कधी शोधून पाहिले आहे काय? सरकारच्या डिजिटल लायब्ररीने हजारो जुनी पुस्तके स्कॅन केली आणि पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. त्या प्रती आज मिळतात त्या अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्हवर. त्याही मोडक्या रोमन स्पेलिंगांत, लेखकाच्या जागी मुद्रक आणि वर्षाच्या जागी भलताच आकडा घेऊन. एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगे करून पाहिल्याशिवाय पुस्तक सापडत नाही, आणि सापडले तरी आतला शब्द बहुधा शोधता येत नाही, कारण पुष्कळ पाने नुसती छायाचित्रे आहेत. राहिली शोधगंगा. तिथे प्रबंध आहेत, पण पुष्कळ प्रबंधांतला संदर्भ आधीच्या प्रबंधातून उचललेला आणि तो त्याच्याही आधीच्या! मूळ अंक कोणी पाहिला आहे, हे विचारायची सोय नाही.

लखनौचेच पाहा. नवल किशोर यांनी १८५८ मध्ये तिथे छापखाना काढला, तो हिंदी-उर्दूचा केवढा खजिना झाला. त्याची पुष्कळ पुस्तके आज घरबसल्या वाचायला मिळतात ती जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दारात. मराठीची तऱ्हा वेगळी नाही. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी पुस्तकांची सूची ब्लुमहार्ट नावाच्या गृहस्थाने १८९२ मध्ये छापली. परक्यांनी आपला माल मोजला, आम्ही अभिमान मोजत बसलो.

याची किंमत कोण भरतो? ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२चे. त्या पुस्तकात त्या काळच्या ‘मंजुघोषा’, ‘मुक्तामाला’सारख्या कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणाची झाडाझडती आहे, म्हणजे ते समीक्षेचेही पुस्तक आहे. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत मराठी समीक्षेचे इतिहास त्याच्याविना बिनदिक्कत लिहिले गेले. ९३ वर्षे! चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ कोणी हरवू दिली नाही. हरवतात ती बाईची, बहुजनांची, दलितांची पाने, कारण ती ठेवणाऱ्या कपाटाला ना देणगीदार असतो ना वशिला. गडचिरोलीच्या मुलाला पुण्यात महिनाभर खोली घेऊन जुने अंक चाळणे परवडत नाही. ज्याला परवडते त्याचेच मत ‘मराठी समीक्षेचे मत’ ठरते. ही नवी सोवळ्याओवळ्याची व्यवस्था आहे आणि तिला आम्ही विद्वत्ता म्हणतो.

कॉपीराइटचा बागुलबुवा तर कोणी दाखवूच नये. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले. त्यांचे लेखन २०१७ पासून मोकळे आहे. आणि हक्काखालच्या पुस्तकाची प्रत संग्रहात असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत करायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला २०१२च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. शास्त्र नाही म्हणावे, तर जुन्या वस्तू जतन करण्याची केंद्र सरकारची प्रयोगशाळा १९७६ पासून लखनौतच आहे. पैसा नाही म्हणावे, तर केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले, सुमारे १३,००० नियतकालिकांसाठी. त्या प्रकाशकांत एल्सव्हिअर आहे, स्प्रिंगर आहे. ‘नवभारत’ मासिक चालवणारी वाईची प्राज्ञपाठशाळा नाही.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि तिथल्या पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली तेव्हा महाराष्ट्र संतापला, आणि योग्यच संतापला. वाळवीचा मोर्चा मात्र रोज निघतो आणि त्याला कार्यकारिणीची मूक परवानगी असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत हीच मंडळी पुढे होती.

म्हणून मराठी विद्यापीठांना, साहित्यसंस्थांना आणि १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या ग्रंथालयाला आमचे सांगणे आहे : सहा महिन्यांत आपल्याकडील नियतकालिकांची यादी, कोणत्या वर्षाचे कोणते अंक आहेत, कोणते गहाळ आहेत आणि ते शेवटी कोणाच्या नावावर गेले, यासह देवनागरीत जाहीर करा. ती सर्वांना फुकट पाहता आली पाहिजे. सरकारने या याद्या एकत्र जोडाव्यात आणि १९५० नंतरच्या लेखसूचीसाठी पगारी माणसे नेमावीत. ज्या संस्थेला स्वतःच्या कपाटात काय आहे हेही सांगता येत नाही, तिचे पुढच्या वर्षीचे अनुदान थांबवा.