पिल्लू घेताना आई पाहावी

मध्यमवर्गीय घरात कुत्र्याचे पिल्लू येते ते बहुधा मुलांच्या हट्टापायी. परीक्षेचा निकाल लागतो, वाढदिवस जवळ येतो आणि एखाद्या रविवारी वडील मंडळी तासाभरात खरेदी उरकून येतात. साधा मिक्सर घेताना जे गृहस्थ तीन दुकाने हिंडतात, हमीपत्रावरील शिक्का व तारीख तपासतात, तेच बारा-चौदा वर्षे घरात राहणारा जीव केवळ त्याच्या डोळ्यांकडे पाहून घरी आणतात. या घाईवरच एक मोठा व्यापार उभा आहे.

हा व्यापार दुकानात दिसत नाही. तो शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवर, कधी बंद खोल्यांत चालतो. अरुंद पिंजऱ्यातील मादीला प्रत्येक माजाला गाभण ठेवले जाते आणि पिल्ले धड चालू लागण्याआधीच आईपासून तोडली जातात. कारण पिल्लू जितके लहान, तितके ते गोंडस दिसते आणि लवकर खपते. अशा ठिकाणांना पिल्लांचे कारखाने म्हणतात, आणि ते नाव सार्थच आहे. वेते संपली की मादीची किंमतही संपते.

ग्राहकालाही याची झळ बसते. पार्व्हो या घातक विषाणूची लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारणतः 3 ते 14 दिवस लागू शकतात. त्यामुळे खरेदीच्या दिवशी बागडणारे पिल्लू आठवड्याभरात उलट्या व रक्ती हगवणीने निपचित पडते, आणि विक्रेता 'आमच्याकडे तर ठणठणीत होते' असे सांगून मोकळा होतो. पशुवैद्याचे बिल, मुलांचे रडणे आणि बरेचदा एक मृत्यू, एवढे हाती उरते.

कायदा याबाबत मुका नाही. 1960च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली 2017 साली श्वानपैदास व विक्रीचे नियम झाले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी किमान 18 महिन्यांची असावी आणि आयुष्यात तिची पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत. नियम चांगले आहेत, अंमलबजावणी मात्र तोकडी आहे. म्हणूनच नोंदणीचे प्रमाणपत्र मागणारा ग्राहक येथे निरीक्षकाचेच काम करतो. केनेल क्लबचा कागद या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. तो वंशावळ सांगतो, मादी कोणत्या पिंजऱ्यात राहते हे सांगत नाही.

फॅशनचाही यात वाटा आहे. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि गल्लोगल्ली पगची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्याला लागणारी धाप जाहिरातीत कुठून दिसणार! पुढे हस्कीचीही हौस आली. बर्फातल्या या प्राण्याला नागपूरच्या मे महिन्यात ठेवणे हे प्रेम खचितच नव्हे. वस्तुतः मुधोळ, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीप डॉग या देशी जातींवर टपाल खात्याने 2005 साली तिकिटे काढली होती. आणि गल्लीतल्या देशी पिल्लाला तर घराखेरीज काहीच नको असते; प्राणिमित्र संस्थांकडून ते लसीकरणासह दत्तक मिळू शकते.

बँकेच्या खातेदारांनी आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे. छायाचित्र पाहून 'बुकिंग'चे पैसे आगाऊ पाठवायचे, मग वाहतुकीचे, मग विम्याचे, आणि पिल्लू काही येत नाही, असेही प्रकार घडतात. वारंवार बदल्या होणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तर आधी प्रवासाचा विचार करावा: रेल्वेत कुत्र्याला प्रथम वर्गाच्या पूर्ण आरक्षित कूपेत किंवा गार्डाच्या डब्यातील पेटीतच नेता येते.

सचोटीचा ब्रीडर पिल्लाची आई, तिची राहण्याची जागा आणि लसीकरणाचे पुस्तक आपणहून दाखवतो. तो उलट ग्राहकालाच प्रश्न विचारतो: घर केवढे, दिवसा घरी कोण असते, सुटीत गावी गेल्यावर कुत्र्याचे काय? काही ग्राहकांना हे प्रश्न रुचत नाहीत आणि ते दुसरीकडे जातात. दुसरीकडे पैसे रोख देणार की ऑनलाइन, एवढेच विचारले जाते.