घंटेचा कागद मराठीत हवा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या जोडणीवर लिहावे, हे काही मित्रांना विचित्र वाटेल. 'हे सायन्सवाल्यांचे काम,' असे ते म्हणतील. परंतु हा प्रश्न जितका विजेचा, तितकाच भाषेचाही आहे; आणि भाषा हा तर आपला विषय!

दारावर कोण आले ते मोबाईलवर दाखविणारी बॅटरीची 'स्मार्ट' बेल आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. बॅटरी वरचेवर काढून चार्ज करण्याचा कंटाळा येतो. मग तिला घरातील विजेची जोड द्यावी, असे कोणालाही वाटते. अनेक बेलना तशी सोय असते. पाठीमागच्या दोन स्क्रूंना तारा जोडल्या की बॅटरी हळूहळू भरत राहते. सोबतचा इंग्रजी कागद सांगतो : मेन स्विच बंद करा, जुने बटण काढा, त्याच्या दोन तारा या स्क्रूंना जोडा. झाले काम!

अमेरिकेत हा सल्ला बरोबर आहे. तेथे घरात वीज १२० व्होल्टची. पण दारावरच्या बेलसाठी बहुधा एक लहानसा ट्रान्सफॉर्मर आधीच बसविलेला असतो. तो साधारण १६ व्होल्ट देतो आणि बटणापर्यंत तेवढाच दाब पोचतो. आपल्याकडची जुनी 'डिंगडाँग' मात्र बहुतेक घरांत थेट २३० व्होल्टवर चालते. बटणातील दोन तारांपैकी एकीत फेज असतो. ८ ते २४ व्होल्टसाठी बनविलेली बेल तेथे जोडली तर ती जळण्याची भीती. आणि मेन स्विच बंद करायचा राहिला, तर गाठ थेट जिवाशी.

योग्य रीत वेगळी आहे. जेथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळतात, त्या बोर्डापाशी २३० व्होल्टचे १६ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. जुनी घंटा वाटेतून काढून टाकायची. मग दाराकडे जाणाऱ्या तारांत फक्त १६ व्होल्ट राहतात. वाटेत घंटा नसेल तर काही बेलना ठरावीक रेझिस्टरही लागतो. हे सारे परवानाधारक वायरमननेच करावे.

पण त्या वायरमनने वाचावे काय? हात कसबी, कागद इंग्रजी! घरात कॉलेजात जाणारा पहिला म्हणून आळीतले लोक असे कागद माझ्याकडे आणतात. अक्षरे मला वाचता येतात. पण कागदात 'ट्रान्सफॉर्मर', पाठ्यपुस्तकात 'रोहित्र' आणि गावात 'डीपी'! या तीन शब्दांच्या मध्ये हातात पक्कड घेतलेला माणूस उभा आहे, हे आपण विसरतो.

कोणी म्हणेल, कंपन्यांनी भाषांतर करून द्यावे. नुसत्या भाषांतराने भागणार नाही. त्या कागदाचे शब्दशः मराठी केले तरी ते तितकेच घातक ठरेल. कारण त्या कागदातले घर आपले नाही. तो कागद वायरमनशेजारी बसून, त्याचे शब्द ऐकून, नव्याने लिहावा लागेल. ते काम भाषेच्या विद्यार्थ्याचे नव्हे काय?

ज्या तत्त्वावर ट्रान्सफॉर्मर चालतो, ते १८३१ साली दाखवून देणारा मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा होता. उमेदवारी केली ती पुस्तकबांधणीची. मोठा शास्त्रज्ञ झाल्यावरही मुलांना समजेल अशी व्याख्याने देण्यात त्याने कमीपणा मानला नाही. मग आपल्या वाङ्मय मंडळाने वक्तृत्व आणि काव्यवाचनाबरोबर वर्षाकाठी असे चार कागद सोप्या मराठीत तयार केले, आणि ते विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतले, तर काय बिघडेल?

मराठी दिनाला आपण मराठीचे गोडवे गातो. माझे म्हणणे एवढेच, की ज्या भाषेत गोडवे गाता येतात, त्याच भाषेत 'येथे हात लावू नका' हेही स्पष्ट सांगता आले पाहिजे.