वाचनकट्टा : आठवी-नववीच्या मुलांच्या हाती काय द्यावे?



लातूर पॅटर्नच्या मुलखात मूल आठवीत गेले की गोष्टीचे पुस्तक माळ्यावर जाते आणि नीटच्या तयारीचे टेबलावर येते. 'इक्रा'चा, म्हणजे वाचण्याचा हुकूम आपण मुलांना ऐकवतो, पण या वयात काय वाचावे ते मात्र हाती देत नाही. म्हणून या महिन्यात चार कादंबऱ्यांविषयी माझे मत.

पहिली, भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. तिला 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. सासणे 2022 मध्ये उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यामुळे लातूरकरांना नाव परके नाही. समशेर हा छोटा गुप्तहेर. आपल्या भागात भानामतीच्या नावाने अजून शहाणी माणसे गंडे बांधायला धावतात. तिथे घाबरण्याऐवजी तपास करणारा मुलगा भेटणे मोलाचे आहे.

दुसरी, सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध', 2019 च्या याच पुरस्काराची मानकरी. लेखक कोल्हापूरकडचे, वनखात्यात नोकरी केलेले. मुस्लिम लेखकाने तलाक आणि बुरखा यांवरच लिहावे अशी अनेकांची अपेक्षा असते. इथे तो जंगलावर लिहितो. मुखपृष्ठावर आपल्यासारखे नाव दिसले की मुलाची मान नकळत ताठ होते, हेही खरे.

तिसरी, संगीता बर्वे यांची 'पियूची वही', पुरस्कार 2022 चा. पियू आपल्या वहीत मनातले लिहिते. आठवीपेक्षा थोड्या लहान मुलींना ती जास्त आवडेल. ती वाचून तुमच्या लेकीनेही वही घातली, तर आयांनो, एक विनंती : ती लपूनछपून वाचू नका. एकदा विश्वास तुटला की मुलगी लिहिणेही सोडते आणि सांगणेही.

चौथी थोडी जुनी, मिलिंद बोकील यांची 'शाळा', 2004 ची. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, मित्रांची टोळी आणि एका मुलीविषयीची ओढ. मुलांच्या तोंडची भाषा मोकळी आहे, म्हणून अम्मी-अब्बांनी आधी स्वतः वाचावी आणि मग पंधरा-सोळाव्या वर्षी द्यावी. मोबाइलवर जे बिनबोभाट दिसते, त्यापेक्षा हे लिखाण कितीतरी प्रामाणिक आहे. घरात ज्या विषयावर कुणी तोंड उघडत नाही, त्यावर बोलायला निमित्तही मिळते.

तरी एक खंत राहते. नांदेडच्या देगलूर नाक्यावरची, घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी मुलगी या चारही पुस्तकांच्या केंद्रस्थानी नाही. मराठी कादंबरीत आपण बहुधा ईदला शिरखुर्मा पाठवणारी शेजारची खाला म्हणून येतो आणि डबा देऊन परत जातो. ही तक्रार दुसऱ्यांकडे करून भागणार नाही. नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांना 2025 चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, म्हणजे इथे राहून लिहिता येते. त्या मुलीची गोष्ट लिहिणारी लेखणी कदाचित आज नववीच्याच बाकावर असेल. तिला आपण फक्त गाइडच वाचायला दिले, तर ती लिहिणार कशी?

जूनमध्ये वह्या-पुस्तकांची यादी कराल, तेव्हा शेवटी एका कादंबरीचे नाव जरूर घाला.