अश्रुधुराच्या आदेशाखाली नाव हवे

जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येचा निषेध करणारा मोर्चा 1 जून 2020 रोजी फिलाडेल्फियातील 676 क्रमांकाच्या महामार्गावर उतरला आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. कडेच्या उभ्या चढावर अडकलेली माणसे खोकत, ठेचकाळत कुंपणाकडे धावली. पांगण्याला धड वाटच नव्हती. महापौर आणि पोलीस आयुक्तांनी त्याच महिन्यात जाहीर माफी मागितली. ऑक्टोबरमध्ये नगर परिषदेने शांततापूर्ण निदर्शकांवर असा मारा करण्यास बंदी घातली.

अश्रुधुरात प्रामुख्याने वापरले जाणारे ‘सीएस’ हे रसायन 1928 मध्ये दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी शोधले. त्याने डोळे आणि घसा भाजून निघतो. दमेकऱ्याच्या तर जिवावर बेतू शकते. 1997 पासून लागू असलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार ते युद्धात वापरता येत नाही. देशांतर्गत दंगल आवरण्यासाठी मात्र तोच करार मुभा देतो. ही मुभा पोलिसांच्या हाती सोपवायची, तर तिच्या अटी कायद्यातच लिहिलेल्या हव्यात.

कॅलिफोर्नियाने त्या लिहिल्या. तिथे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार केवळ संचारबंदी मोडली, तोंडी धमकी दिली किंवा हुकूम ऐकला नाही, एवढ्यावरून जमावावर अश्रुधूर सोडता येत नाही. आधी तणाव निवळवण्याचा प्रयत्न करायचा, लोकांना ऐकू जाईल असा इशारा पुन्हा पुन्हा द्यायचा आणि निघून जायला अवधी द्यायचा. आदेश घटनास्थळी हजर असलेल्या प्रमुख अधिकाऱ्यानेच द्यायचा. पुढे साधारण 60 दिवसांत कारवाईचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा.

सरसकट बंदी घातली तर पोलिसांच्या हाती लाठी आणि गोळीच उरेल, हा आक्षेप रास्त आहे. पण या कायद्याने अश्रुधूर काढून घेतलेला नाही. त्याचा हिशेब द्यायला लावला आहे.

भारतात जमाव पांगवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये आहे. पांगण्याचा हुकूम द्यावा, न ऐकल्यास बळ वापरावे, असे ते कलम सांगते. अश्रुधुराचा त्यात उल्लेखही नाही. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातील आंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. लाठीमाराबद्दल गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. तरीही ‘आदेश कोणी दिला?’ यावर सत्ताधारी आणि विरोधक अनेक दिवस एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. कारवाईचा गोषवारा ठरल्या मुदतीत जाहीर करणे बंधनकारक असते, तर या प्रश्नाचे उत्तर राजकीय सभांतून शोधावे लागले नसते.

पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे विधिमंडळाला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: मराठीतून स्पष्ट इशारा, बाहेर पडायला मोकळी वाट आणि आदेश देणाऱ्याच्या नावासह जाहीर अहवाल. येत्या अधिवेशनात सत्ताधाऱ्यांनी हे विधेयक आणावे. त्यांनी आणले नाही, तर विरोधकांनी अशासकीय विधेयक मांडावे.